गाडी आधी की मंजुरी आधी? अपंग चालकांच्या गाडीतले बदल आणि त्यांचा खर्च

चाकोरीबाहेर (धागाकर्ती)

नमस्कार. तीन-चार वर्षं इथे वाचनमात्र आहे. पहिलाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

अडीच वर्षांपूर्वी अपघातात पाठीच्या कण्याला इजा झाली. कमरेखाली हालचाल नाही. हात, खांदे, नजर शाबूत. त्याआधी बारा वर्षं मी गाडी चालवत होते. आता नवरा चालवतो आणि मी शेजारी बसते. पुढच्या गाडीचे लाल दिवे लागले की डोक्यातून अजूनही हुकूम सुटतो, पाय जागेवरच. या शेजारी बसण्याचा आता वीट आलाय.

जुनी गाडी क्लचवाली होती, ती विकली. एक ऑटोमॅटिक बघून ठेवलीय. विक्रेता म्हणतो, महिनाअखेरपर्यंत सही केली तर सवलत आहे, हॅण्ड कंट्रोल (ब्रेक-ॲक्सिलरेटर हातांनी चालवायची जोडणी) आठवड्याभरात बसवून देतो, ‘पैशांचं नंतर बघा, पावत्या तेवढ्या जपून ठेवा.’ घरचेही म्हणतायत, घेऊन टाक. मला एवढंच विचारायचंय, की या बदलांचा खर्च कोणी देतं का? देत असेल तर मागायचा कधी आणि कुणाकडे?

देश मुद्दाम लिहीत नाही. लिहिला की धागा त्या एका देशाच्या फॉर्मांत अडकतो, आणि इथले वाचणारे तर जगभर पांगलेले आहेत. अपंग म्हणा, दिव्यांग म्हणा, माझी हरकत नाही. त्यावर वाद घालायचा असेल तर कृपया वेगळा धागा काढा.

उगाच_एक

सही करू नका.

उगाच_एक

(वरचं घाईत टाकलं. म्हटलं, ताई तेवढ्यात सही करून बसायच्या.)

मी नेमकं हेच केलं होतं. माझा उजवा पाय गुडघ्याखाली नाही. गाडी घेतली, डाव्या पायाने चालणारा ॲक्सिलरेटर बसवून घेतला आणि सगळ्या पावत्या जोडून अर्ज केला. मी मदतीला पात्र आहे हे त्यांच्याच पत्रात लिहून आलं. पुढच्या ओळीत, ‘काम मंजुरीपूर्वी झालेले असल्याने विचार करता येत नाही.’ अपील केलं. त्याच्या उत्तरात तीच ओळ, फक्त सही मोठ्या साहेबांची.

पावती अजून जपून ठेवलीय. शाई उडून कागद कोरा झालाय.

कागदी_घोडा

उणीपुरी वीस वर्षं दाव्यांच्या टेबलापलीकडे बसलोय, म्हणून जरा लांबण लावतो.

‘अपंगत्व आहे म्हणून पैसे’ असा प्रकार फार थोड्या ठिकाणी असतो. पैसे देणारा पहिला प्रश्न विचारतो तो ‘गाडी कशासाठी?’ आणि दुसरा ‘इजा कशामुळे?’ या दोन उत्तरांवरून तुमचा अर्ज कुठल्या खिडकीवर जाणार ते ठरतं. अमेरिकेतलं उदाहरण घ्या. समजा दोन माणसं आहेत, दोघांची इजा अगदी ताईंसारखी. एकाला ती सैन्यातल्या सेवेत झाली. त्याला माजी सैनिकांच्या खात्याकडून गाडी घ्यायला मदत मिळू शकते आणि उपकरणांसाठी वेगळी मिळू शकते. दुसरा घरात शिडीवरून पडला. त्याला तिथल्या राज्याच्या व्यावसायिक पुनर्वसन विभागाकडे जावं लागतं, आणि तिथे सिद्ध करावं लागतं की गाडीतले बदल नोकरी मिळवायला किंवा टिकवायला लागताहेत. ‘मला माझं मोकळेपणाने फिरायचंय’ हे माणूस म्हणून शंभर टक्के खरं कारण आहे, पण त्या फॉर्मवर त्याला रकाना नाही. म्हाताऱ्या माणसाची तर आणखी पंचाईत, कारण मेडिकेअर, म्हणजे तिथला म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा, गाडीतल्या बदलांचे पैसे देत नाही.

जर्मनीत यासाठी १९८७ची स्वतंत्र नियमावली आहे. तीही मुळात नोकरीशी बांधलेली. पण तिच्यात एक शहाणपणाची गोष्ट आहे. गाडी घेण्यासाठीची मदत तुमचं उत्पन्न बघून ठरते, आणि अपंगत्वामुळे लागणाऱ्या जादा उपकरणांचा खर्च उत्पन्न न बघता दिला जातो. गाडी सगळेच घेतात, कंट्रोल काही कोणी हौसेने बसवत नाही, हा हिशेब मला पटतो.

ब्रिटनची वाट तिसरीच. मोटॅबिलिटी योजना १९७७ साली सुरू झाली. जास्त दराचा गतिशीलता भत्ता (अपंगांना हिंडण्या-फिरण्यासाठी सरकार देतं तो) मिळणारा माणूस तो भत्ता योजनेकडे वळवतो आणि त्या बदल्यात गाडी भाड्याने मिळते. साधारणपणे तीन वर्षं, व्हीलचेअरसकट बसायच्या गाडीला पाच. विमा आणि देखभाल त्यातच. आणि ताई, हे तुमच्या कामाचं : हॅण्ड कंट्रोलसारखे बरेच नेहमीचे बदल तिथे वेगळे पैसे न देता मिळतात, पण गाडीच्या अर्जासोबतच मागितले तर. नंतर आठवण झाली तर खर्च तुमच्या अंगावर येऊ शकतो.

म्हणजे तिन्हीकडचे कायदे वेगळे, पण कागदांचा क्रम सारखाच. अमेरिकेतलं माजी सैनिकांचं खातंही स्पष्ट सांगतं की गाडी किंवा उपकरण घेण्याआधी मंजुरी घ्या. आधी तपासणी, मग तिच्या अहवालावरून कोटेशन, मग मंजुरीचं पत्र, मग गाडी. विक्रेत्याच्या महिनाअखेरीला यात कुठेही जागा नाही.

एक अपवाद. काही मोटार कंपन्या नव्या गाडीत अपंगत्वासाठी केलेल्या बदलांच्या खर्चातला काही भाग परत देतात, अमेरिकेत तर बऱ्याच कंपन्यांच्या अशा योजना आहेत. तिथे काम आधी होतं आणि पैसे नंतर, म्हणजे पावत्या तिथे लागतात. पण मुदत असते. विकणारा बहुधा हीच योजना मनात धरून बोलतोय, आणि तुम्हाला वाटलं की तो सगळ्याच मदतीबद्दल बोलतोय.

चाकोरीबाहेर

कागदी_घोडा, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. तो विक्रेत्याला फोन करायला उठलाय.

मला नोकरी आहे, पण काम घरून चालतं. मग ‘नोकरीसाठी गाडी’ हे दाखवायचं कसं? खोटं लिहायचं नाहीये.

कागदी_घोडा

खोटं लिहूच नका. महिन्यातून एकदा तरी कचेरीत जावं लागत असेल. बढती बाहेरच्या भेटीगाठींवर अडली असेल. अपघातापूर्वी तुम्ही जी कामं करायचात आणि आता दुसऱ्याकडे गेलीत, ती लिहा. वरिष्ठांकडून तसं पत्र घ्या. खरं असतं पण लिहिलेलं नसतं, असे अर्ज मी ढिगाने परत जाताना पाहिलेत.

आणि मला वाटतं तुम्ही एक गोष्ट सांगितली नाहीत. अपघात कुणाच्या चुकीने झाला? नुकसानभरपाईचा दावा अजून चालू असेल, तर गाडीतले बदल त्यात यायला हवेत, आणि एकदाचे नव्हेत. तुम्ही तिशी-पस्तिशीच्या असाल तर पुढच्या आयुष्यात किती गाड्या बदलाल? दर वेळी कंट्रोल, दर वेळी बसवणावळ. वकील घराच्या रॅम्पची आठवण ठेवतात, सहाव्या गाडीची नाही. तडजोडीवर एकदा सही झाली की ते दार बंद.

चाकोरीबाहेर

दावा चालू आहे. त्यात गाडीचा ‘ग’सुद्धा नाही. आजच वकिलांना कळवते.

पाना_दहाबारा

मी ही कंट्रोल बसवतो. पैशांचं कागदी_घोडा यांनी लिहिलंच आहे, मी लोखंडाचं लिहितो, कारण कशाला खर्च कमी आणि कशाला वाट लागते हे लोखंडावरून ठरतं.

तुमच्यासारख्यांना बहुतेक वेळा साधा यांत्रिक हॅण्ड कंट्रोल पुरतो. स्टिअरिंगखाली एक दांडा, त्यातून पेडलांना जोडलेल्या सळया. पुढे ढकलला की ब्रेक. ॲक्सिलरेटरचे प्रकार आहेत : कुठे दांडा स्वतःकडे ओढायचा, कुठे मांडीकडे खाली दाबायचा, कुठे मूठ पिरगळायची. दुसऱ्या हाताला स्टिअरिंगवर मूठ, म्हणजे एका हाताने चाक पूर्ण फिरतं. पेडलांसमोर एक आडोसाही लावून घ्या. पायात अचानक पेटका येऊन बूट पेडलखाली सरकला तर तुम्हाला कळणारही नाही.

या सगळ्याची चांगली गोष्ट अशी की हे बरेचदा काढून पुढच्या गाडीत नेता येतं. कंस आणि सळया बदलाव्या लागतात, मूळ यंत्र तेच. घरातला दुसरा माणूसही तीच गाडी पायाने चालवू शकतो. पैसे देणाऱ्याला हे सांगा, त्याला बरं वाटतं.

पण आधी गाडी घेऊ नका हे मीही म्हणतो, आणि माझं कारण वेगळं आहे. काही गाड्यांत डॅशबोर्डच्या खालच्या भागात गुडघ्यांसाठी एअरबॅग असते, नेमकी तिथेच जिथून माझी सळई जायला हवी. काही ठिकाणी मधला कन्सोल इतका रुंद की दांडा पूर्ण खाली येत नाही. काही गाड्यांचा दरवाजा पुरेसा उघडत नाही, मग व्हीलचेअर सीटला लागत नाही. ही वाक्यं मी गिऱ्हाइकाला गाडी बघून सांगतो, आणि गाडी तोवर त्याच्या नावावर झालेली असते. तेव्हा त्याचा चेहरा बघवत नाही.

अमेरिकेत २००१ सालच्या नियमाने आमच्यासारख्या कारागिरांना अपंग चालकासाठी काम करताना ठरावीक सुरक्षा-नियमांतून सूट मिळते. बदल्यात, कशाला हात लावला ते गिऱ्हाइकाला लेखी द्यावं लागतं आणि गाडीवर पट्टी लावावी लागते. तुमच्याकडे असा नियम असो-नसो, तो कागद मागून घ्या. उद्या विमा कंपनी विचारेल तेव्हा तोच कामाला येतो.

उगाच_एक

पाना, माझ्या डाव्या पायाच्या पेडलचं सांगा की यांना. बायको गाडी न्यायला बसली आणि सवयीने डावा पाय टेकवला. गेटचं काय झालं ते विचारू नका.

पाना_दहाबारा

हाहा. म्हणूनच उचलून ठेवता येणारं किंवा काढता येणारं पेडल घ्यायचं असतं, आणि दुसरं कोणी बसणार असेल तर ते काढायचंच. तुमच्या गेटचे पैसे कुठल्या योजनेत बसतात ते घोडेसाहेबांना विचारा.

निशिगंधा_व्य

मी व्यवसायोपचारतज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) आहे. चालकांची तपासणी हे माझं रोजचं काम.

पाना यांच्या ‘बहुतेक वेळा पुरतो’ यातल्या ‘बहुतेक’खाली मी लाल रेघ मारते. ताई, हात ‘शाबूत’ आहेत असं तुम्ही लिहिलंत. पण दिवसभर व्हीलचेअर ढकलणाऱ्या खांद्यांवर आता ब्रेकही येणार. धड सावरायला पोटाचे स्नायू किती साथ देतात? वळणावर तुम्ही कलता का? व्हीलचेअरवरून सीटवर स्वतः जाता का, आणि मग ती व्हीलचेअर आत कोण घेतं? बरेच जण कंट्रोलचं कोटेशन आणतात आणि व्हीलचेअर उचलणाऱ्या यंत्राचं विसरतात. मग गाडी चालवता येते, पण पोहोचल्यावर उतरता येत नाही.

तपासणीत आधी नजर, ताकद, प्रतिसादाचा वेग, पेटके, औषधं बघतो. मग असे बदल केलेल्या गाडीत प्रत्यक्ष रस्त्यावर. अहवालात मी यंत्राचं नाव लिहीत नाही, गरज लिहिते : ‘धड सावरण्यासाठी छातीपट्टा आवश्यक, कारण वळणावर उजवीकडे कल जातो.’ मंजुरी देणारा ‘कारण’नंतरचं वाचतो. ‘रुग्णास हॅण्ड कंट्रोलची शिफारस’ एवढंच लिहिलेले अहवाल येतात, ते परत जातात, आणि दोष योजनेला देतात.

तपासणीचे आणि नंतरच्या शिकवणीचेही पैसे मागा. हे तर सर्रास राहतं. बारा वर्षांची सवय पायात आहे तुमच्या, हातांना पहिल्यापासून शिकायचंय. अडचणीच्या क्षणी जुनी सवय उसळून येते, आणि तेवढ्या अर्ध्या सेकंदात हात काहीच करत नाहीत.

वाटेवरचा

सर्वांबद्दल आदर ठेवून विचारतो. राग नसावा. एका माणसाच्या एका गाडीत एवढा सार्वजनिक पैसा घालण्यापेक्षा टॅक्सीचे पास दिले, बस सुधारल्या, तर तेवढ्यात अधिक लोकांची सोय होणार नाही का? चालवलंच पाहिजे असं काही आहे का?

मिताक्षरी

राग आला, पण प्रश्न खरा आहे म्हणून उत्तर देते. बस सुधारल्याच पाहिजेत. जिचा रॅम्प उघडतो अशा बसची माझा मुलगा तीन वर्षं वाट बघतोय. पण कण्याची इजा झालेल्या माणसाला लघवीची वेळ पाळावी लागते, अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून बसणं बदलावं लागतं. टॅक्सी आली नाही तर तो नुसता उशीर नसतो.

आबा_तिसरा_गियर

वाटेवरचा, वय झालंय माझं, एक जुनी गोष्ट सांगतो. मला लहानपणी पोलिओ झाला. पन्नास वर्षं हातांनी गाडी चालवतोय. पहिला दांडा एका लोहाराने बनवला होता. आता ती गाडी आठवली की घाम फुटतो.

तुम्ही म्हणता तसा ‘थोडक्यात सोय’ हा विचार ब्रिटनने करून पाहिला होता. युद्धानंतर तिथल्या सरकारने अपंगांना तीन चाकांची एक छोटी निळी गाडी द्यायला सुरुवात केली. इन्व्हाकार. मुळात ग्रीव्हज नावाच्या इंजिनिअरने पक्षाघात झालेल्या आपल्या चुलतभावासाठी इंजिन लावलेली खुर्ची बनवली, त्यातून ही कल्पना निघाली. गाडी फुकट, देखभाल सरकारची. आणि तिच्यात सीट एकच! शेजारी कोणाला बसवायला परवानगी नव्हती. आई असेल तर तिनं लेकराला घरी ठेवायचं. लग्न झालेलं जोडपं असेल तर एकाने पुढे जायचं, दुसऱ्याने बसने यायचं. शिवाय वाऱ्यात हलायची, पेटही घ्यायची. लोकांनी वर्षानुवर्षं भांडण केलं, मग ती बंद करायचं ठरलं आणि वर कागदी_घोडा यांनी लिहिलेली योजना आली. उरलेल्या निळ्या गाड्या ३१ मार्च २००३ला रस्त्यावरून हटवल्या.

मला त्यातून एवढंच दिसलं की, अपंगाला नुसतं इथून तिथे न्यायचं असं धरलं की एकच सीट पुरते. माणूस म्हटला की चार लागतात.

वाटेवरचा

आबा, हे माहीत नव्हतं. खर्चाचा मुद्दा मी सोडत नाही, पण ‘चालवलंच पाहिजे का’ हे मागे घेतो.

मिताक्षरी

आता माझा प्रश्न. मुलाला स्नायूंचा विकार आहे, वाढत जाणारा. वय एकोणीस. आज हातात ताकद आहे, दोन वर्षांनी किती असेल ते डॉक्टरही सांगत नाहीत. त्याला व्हीलचेअरवर बसूनच चालवायचंय. कारण व्हीलचेअरवरून सीटवर जाणं आताच अर्ध्या तासाचं काम झालंय. म्हणजे खालचा तळ उतरवलेली मोठी गाडी, रॅम्प, व्हीलचेअर अडकवणारा खटका, हलकं केलेलं स्टिअरिंग. हे सगळं काढून पुढच्या गाडीत नेता येत नाही ना? मंजुरी देणारे म्हणतात, ‘स्थिती स्थिर झाल्यावर या.’ त्याची स्थिती स्थिर होणारच नाहीये.

निशिगंधा_व्य

हे वाक्य मीही ऐकलंय, आणि ते वाढत्या आजाराला लागू करणं म्हणजे दार लावून घेणं. अहवाल पायऱ्यांमध्ये मागा : आज काय लागतं, ताकद इतकी उतरली तर काय, त्यापुढे काय. आणि आज बसवलेलं पुढच्या पायरीला मोडीत निघणार नाही हे दाखवा. उदाहरणार्थ, इलेक्ट्रॉनिक ॲक्सिलरेटर-ब्रेक घेतला, तर तो पुढे जास्त हलका करता येतो का किंवा जॉयस्टिक जोडता येते का, हे पुरवठादाराकडून लेखी घ्या. म्हणजे अर्ज ‘दर दोन वर्षांनी नवा खर्च’ असा वाचला जात नाही.

दुसरं, व्हीलचेअर. ती गाडीत सीट म्हणून वापरायची तर अपघात-चाचणी झालेली हवी. आयएसओ ७१७६ या व्हीलचेअरच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा एकोणिसावा भाग नेमका त्यासाठी आहे. बऱ्याच ठिकाणी व्हीलचेअरचे पैसे एका खात्यातून येतात, गाडीचे दुसऱ्या, आणि दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. खटका बसवून झाल्यावर कळतं की व्हीलचेअर त्यात बसणारीच नाही. आधी व्हीलचेअर ठरवा.

पाना_दहाबारा

मिताक्षरीताई, तळ उतरवलेला परत वर चढत नाही. ते काम त्या गाडीबरोबरच जातं. म्हणून ती गाडी नवीन किंवा अगदी कमी चाललेली घ्यायची, जुन्या गाडीत एवढा खर्च कोणी मंजूर करत नाही आणि करूही नये. ऑस्ट्रेलियात राष्ट्रीय अपंगत्व विमा योजनेतून बदलांचे पैसे मिळतात, पण तिथेही गाडीचं वय आणि किती चाललीय ते बघतातच. मूळ गाडी सहसा स्वतःचीच.

आणखी एक. विजेची गाडी घ्यायचा विचार असेल तर हजार वेळा विचारून घ्या. बॅटरी तळाखाली पसरलेली असते, तळ उतरवायचा कुठे? धागाकर्तीताईंना मात्र विजेची बरी. गिअर नाही, आणि ॲक्सिलरेटर सोडला की गाडी आपोआप बरीच धीमी होते, ब्रेकचे हेलपाटे कमी, खांदे वाचतात.

सांजवारा_७

भारतातलं कुणी विचारलं नाही, तरी लिहून ठेवते, पुढे कुणी शोधत येईल. २०१६च्या दिव्यांगजन हक्क कायद्यातलं ४१वं कलम काढून वाचा. त्यातल्या दुसऱ्या पोटकलमात सरकारने परवडणाऱ्या खर्चात वैयक्तिक गतिशीलतेसाठी योजना आखाव्यात असं आहे, आणि त्यात वाहनांचं रेट्रोफिटिंग (तयार गाडीत नंतर केलेले बदल) शब्दासकट नमूद आहे. मागे अपंगांच्या हक्कांचा २००६चा संयुक्त राष्ट्रांचा करार, त्याच्या विसाव्या कलमातलीच भाषा. कायद्यात शब्द आहे म्हणजे खिडकीवर पैसे आहेत असं नव्हे, पण अर्जात कलम उद्धृत करायला काही हरकत नाही.

इतकी वर्षं लोक ज्याला ‘गाडीची सवलत’ म्हणत ती प्रत्यक्षात जीएसटीची होती : हालचालीचं ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व, चार मीटरपर्यंतची गाडी, पेट्रोल १२०० आणि डिझेल १५०० सीसीपर्यंत, २८ऐवजी १८ टक्के. २२ सप्टेंबर २०२५पासून अशा छोट्या गाड्यांचा दर सगळ्यांसाठीच १८ झाला. म्हणजे फरकच उरला नाही. आणि ती सवलत गाडीवर होती, बदलांवर नव्हे. 

बदल केल्यावर नोंदणी प्रमाणपत्रावर तशी नोंद करून घ्यायची. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ‘रूपांतरित वाहना’ची व्याख्या आहे.

कागदी_घोडा

सांजवारा यांनी कर काढलाच आहे तर, कर हा सगळ्यात दुर्लक्षित खिसा. अमेरिकेत हॅण्ड कंट्रोलसारखी उपकरणं वैद्यकीय खर्च म्हणून वजावटीत दाखवता येतात. व्हीलचेअर मावेल अशी खास बनवलेली गाडी घेतली तर साध्या गाडीच्या वरचा फरकही. ब्रिटनमध्ये व्हीलचेअर वापरणाऱ्यासाठी ठोस रूपांतर केलेल्या गाडीला मूल्यवर्धित कर शून्य लागू शकतो. पण तिथेही पात्रतेचं घोषणापत्र विकणाऱ्याला खरेदीच्या वेळी द्यायचं असतं. फिरून तेच, आधी कागद!

म्हणूनच बिल करून घेताना गाडी आणि बदल वेगळ्या ओळींत लिहायला सांगा. ‘सर्व मिळून’ असं बिल विकणाऱ्याला सोपं, तुम्हाला महाग.

उगाच_एक

आणि त्या बिलाची झेरॉक्स. शाई उडते.

चाकोरीबाहेर

मंडळी, सात आठवड्यांनी येतेय, माफ करा.

विक्रेत्याला नाही सांगितलं. त्याची ती सवलत पुढच्या महिन्यातही होतीच.

तपासणी झाली. निशिगंधा, तुमच्या ‘बहुतेक’खालच्या लाल रेघेची आठवण आली. डावा खांदा उजव्यापेक्षा बराच कमकुवत निघाला, मला कधी जाणवलंच नव्हतं. मी ओढायचा दांडा डोक्यात घेऊन गेले होते. ओढताना पाठ सीटवरून सुटते हे रस्त्यावर दहा मिनिटांत कळलं. अहवालात आता खाली दाबायचा दांडा, छातीपट्टा आणि व्हीलचेअर छतावर उचलून ठेवणारं यंत्र आहे. जी गाडी घेणार होते तिच्या छताला ते यंत्र बसतच नाही. म्हणजे सही केली असती तर…

अर्ज गेलाय, वरिष्ठांच्या पत्रासकट. उत्तर नाही आलं अजून. वकिलांनी दाव्यात गाडीची बाजू घातली, आयुष्यभराच्या हिशेबाने. शिकवणीचे चार तास मी माझ्या खिशातून घेतले, वाट बघवेना. तिसऱ्या तासाला पुढे एक कुत्रं आडवं आलं आणि डोक्यातून हुकूम सुटला तो पायाकडे. हात उशिरा हलला. कुत्रं वाचलं. शिकवणाऱ्या बाईंकडे दुसरा ब्रेक होता म्हणून.

चौथ्या तासाला तसं झालं नाही.

आबा_तिसरा_गियर

होईल अजून दोन-तीनदा. मग बंद होतं.

पाना_दहाबारा

ताई, मूठ कुठल्या बाजूला लावणार? उजवा खांदा बळकट असेल तर स्टिअरिंग उजव्याकडे आणि दांडा डाव्याकडे, की उलट? अहवालात असेल तर तेवढं कोटेशनमध्येही लिहून घ्या. नाहीतर मंजुरी एका बाजूची येते, आणि मला गाडी परत पाठवावी लागते.

चाकोरीबाहेर

बघते थांबा. अहवालात आहे, कोटेशनमध्ये नाही! उद्या सकाळी फोन करते.